आधी सोऱ्या हातात घ्या!

मंडळी, आपल्या दिवाळीच्या कार्यक्रमात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. फराळाची ताटली हातात आली, चकलीचा पहिला तुकडा मोडला, की कुणीतरी विचारतोच, "घरची की विकतची?" उत्तर 'घरची' असेल तर "वा, वहिनी!" आणि 'विकतची' असेल तर नुसते "अच्छा". हा 'अच्छा' फार बोचरा असतो. मला त्याच्याशीच भांडायचे आहे.

आधी कबुली देतो. असे 'अच्छा' म्हणणाऱ्यांत मी बरीच वर्षे पहिल्या रांगेत होतो. मास्टर्स करायला इथे आलो, नोकरी लागली, लग्न झाले. बायकोही नोकरी करणारी. दिवाळीला इथे सुट्टी नाही, म्हणून ती रात्रीची जेवणे आटपल्यावर चकल्या करायला बसायची. तळणीचा धूर झाला की स्मोक अलार्म कोकलायचा. मी टॉवेल हलवून तो गप्प करायचो, एवढाच माझा हातभार! आणि वर ऐकवायचो, "आईच्या चकलीची सर नाही हं."

एका वर्षी तिने सरळ पाकिटे आणली. संध्याकाळी पाहुणे येणार होते. मी काय करावे? पाकिटे फोडून चकल्या स्टीलच्या डब्यात भरल्या. पाहुण्यांनी "घरच्या ना?" विचारले, मी बेधडक "हो" म्हणालो. बायको काहीच बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला अजून ऐकू येते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात एका किवी सहकाऱ्याच्या घरी गेलो होतो. त्यांचे ख्रिसमस पुडिंग चालले होते. मनुका, बेदाणे, ब्रेडचा चुरा, मसाले, ब्रँडी असा सगळा ऐवज एका मोठ्या भांड्यात. (शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवावे. पारंपरिक पुडिंगात 'सुएट' म्हणजे जनावराची चरबी असते. विकतचे घेताना पाकिटावरचा मजकूर वाचावा.) हे पुडिंग तासन् तास वाफवतात आणि काही आठवडे मुरू देतात. इंग्लंडात अ‍ॅडव्हेंटच्या आधीच्या रविवारी ते ढवळायची जुनी प्रथा आहे, आणि घरातल्या प्रत्येकाने पळी फिरवायची, मनात इच्छा धरायची, असा रिवाज. त्या घरात आजोबांनी पळी फिरवली, पाच वर्षांच्या नातीने फिरवली, मलाही फिरवायला लावली. पुढच्या वर्षी त्यांच्याकडे आजारपण होते. त्यांनी सुपरमार्केटमधून पुडिंग आणले, कस्टर्ड घालून खाल्ले. कुणी "अच्छा" म्हटले नाही!

आता काही ज्येष्ठ म्हणतील, "विकतचे आणू लागलो तर संस्कृती बुडेल." बुडत नाही हो! मुंबईत गिरगावात 1959 साली सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढले. बायकांनी केलेले विकत घेऊनच कितीतरी घरे जेवली आणि त्या बायकांचे संसार उभे राहिले. तेव्हा 'विकतचे' हा शब्द शिवीसारखा वापरू नका.

मग घरी करायचेच कशाला? माझ्या मते करावे, जरूर करावे. पण चवीसाठी नव्हे. सोऱ्या, भाजणी, मोहन, उकड, झारा, कातणे... हे शब्द आपल्या मुलांना कुठल्या मराठी शाळेत भेटणार? ते स्वयंपाकघरातच भेटतात. मोहन जास्त झाले की चकली तेलात विरघळते, हे पुस्तकात वाचून कळत नाही, एक घाणा फुकट गेल्यावर कळते. आणि तिकडून येणाऱ्या आईच्या डब्यावर किती वर्षे विसंबणार? विमानतळावर खाद्यपदार्थ जाहीर करायला विसरलात तर 400 डॉलर दंड!

पण 'घरचे' म्हणजे घराने केलेले. एकट्या बाईने रात्री अकरा वाजता केलेले नव्हे. स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत देणारा हा जगातला पहिला स्वशासित देश, 1893 सालचा. आणि आमच्या घरात? चकली तिची, मत आमचे! बार्बेक्यूवर चिमटा घेऊन दोन दोन तास उभे राहणाऱ्या माझ्या बांधवांनो, तो चिमटा पेलतो, मग झारा का जड होतो?

म्हणून मंडळाला दोन सूचना. एक, फराळ स्पर्धेत 'सौ. अमुक' हे नाव नको, घराचे नाव लिहा आणि कोणी काय केले तेही लिहा. दोन, "घरची की विकतची?" हा प्रश्न बंद. विचारायचेच असेल तर "कोणी कोणी केली?" असे विचारा.

आमच्याकडे आता गॅरेजमध्ये शेगडी मांडून तळण होते. सोऱ्या माझ्याकडे, झारा मुलाकडे. बायको खुर्चीवर बसून चहा पिते आणि म्हणते, "माझ्या चकलीची सर नाही हं!" खरे आहे. पण हे म्हणायचा अधिकार तिने कमावला आहे.

ज्याने सोऱ्या धरला नाही, त्याने चकली मुकाट्याने खावी. शुभ दीपावली!