धनी बदलला, तर रांगेंतील जागा राहते काय?

निगडी, प्राधिकरण, चिंचवड या भागांत संध्याकाळीं फिरावयास निघालेल्या वडीलधाऱ्या मंडळींच्या बोलण्यांत पूर्वीं पगारवाढ, बोनस आणि मुलींचीं लग्नें हे विषय असत. आतां त्यांत अमेरिकेच्या ग्रीन कार्डाची भर पडली आहे. ज्यांचे मुलगे हिंजवडीच्या संगणक-कंपन्यांतून अथवा चाकणच्या मोटार-कारखान्यांतून तिकडे गेले, त्यांच्या घरीं एक प्रश्न वरचेवर निघतो: "चिरंजीव नोकरी बदलूं म्हणतात, मग इतक्या वर्षांची रांग फुकट जावयाची कीं काय?" उत्तरहि बहुधा ठरलेलें असतें: "असेल तेथेंच सांभाळून घे." हें उत्तर मायेचें खरें, पण तें बरोबर कीं चूक, हें मुलगा कोणत्या टप्प्यावर उभा आहे यावर अवलंबून असतें, आणि नेमकें तेंच आपण त्याला विचारीत नाहीं.

या उपदेशाचें मूळ आपल्या गांवाच्या घडणींत आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागाहून टेल्को आली, आकुर्डीस बजाज आली. शिकाऊ म्हणून ज्या फाटकांतून आंत जावयाचें, त्याच फाटकांतून निवृत्तीचा हार गळ्यांत घालून बाहेर पडावयाचें, अशी त्या पिढीची रीत. धनी बदलणारा मनुष्य तिला चंचल वाटे. चाकणच्या कंत्राटी कामगारास तर आज दर कांहीं महिन्यांनीं धनी बदलावा लागतो, आणि त्याला कसल्याच रांगेची तारीख नाहीं; पण तो विषय निराळा.

रांग इतकी लांब कां? १९४६ च्या कायद्यानें अमेरिकेनें हिंदी लोकांस वर्षाला अवघ्या १०० जागा दिल्या होत्या. १९६५ त ती जुनी वांटणी मोडली. पुढें १९९० च्या कायद्यानें नोकरीच्या आधारें वर्षाला सुमारें १,४०,००० जागा ठरल्या. मात्र कोणत्याहि एका देशास त्यांतील साधारण ७ टक्क्यांहून अधिक मिळूं नयेत, असें बंधन ठेवलें. बायकामुलेंहि याच आंकड्यांत मोजलीं जातात. इतर देशांच्या उरलेल्या जागा कधीं मिळतात, पण त्यांचा भरंवसा नाहीं. भारताएवढा देश आणि आइसलँडाएवढा देश यांना एकच माप!

आतां टप्पे पाहूं. प्रथम धनी जाहिराती देऊन तिकडच्या मजूर-खात्यास दाखवितो कीं, या कामास लायक व राजी असा तेथला मनुष्य मिळाला नाहीं. हा अर्ज ज्या दिवशीं दाखल होतो, ती मुलाची रांगेंतील तारीख. मग धनी इमिग्रेशन-खात्याकडे दुसरा अर्ज करतो. त्याला सारे 'आय-१४०' म्हणतात. तिसरा अर्ज, 'आय-४८५', मुलाचा स्वतःचा. पण तारीख जवळ आल्यावांचून तो घेतच नाहींत. दुसऱ्या व तिसऱ्या अर्जांमध्यें भारतीयांचीं दहा-दहा वर्षें आणि त्याहून अधिक जातात, आणि नोकरी बदलण्याचा प्रसंग बहुधा याच मधल्या काळांत येतो.

दुसरा अर्ज मंजूर होण्यापूर्वीं धनी सोडला, तर तारीख गेली. नव्या दारीं पहिल्यापासून आरंभ. येथें वडिलांचें "सांभाळून घे" अगदीं योग्य. मंजुरीनंतर गोष्ट पालटते. जुन्या धन्यानें रागानें अर्ज मागें घेतला, तरी त्यांत लबाडी किंवा मोठी चूक निघाली नसेल, तर तारीख मुलाचीच राहते. मंजुरीस १८० दिवस होऊन गेले असतील, तर १७ जानेवारी २०१७ पासून अमलांत आलेल्या नियमाप्रमाणें केवळ धन्याच्या माघारीनें ती मंजुरीहि रद्द होत नाहीं, आणि तिच्या आधारें नवा धनी सहा वर्षांच्या पुढें व्हिसाची मुदत वाढवून मागूं शकतो. पहिले दोन अर्ज नव्या धन्यास पुन्हां करावे लागतात. रांगेंतील जागा मात्र जुनीच. आपल्याकडील नोकरदारांस हें सहज समजेल. प्रॉव्हिडंट फंडाचा जो बारा आंकडी क्रमांक २०१४ पासून मिळूं लागला, तो कारखाना बदलला तरी बदलत नाहीं. ग्रॅच्युइटीचीं वर्षें मात्र नव्या दारीं पहिल्यापासून मोजावीं लागतात. व्याकरण शिकलेल्यांस सांगावयाचें तर ही अनुवृत्ति आहे: मागल्या सूत्रांतील पद पुढच्या सूत्रांत न लिहितां चालत येतें.

तिसरा अर्ज दाखल होऊन १८० दिवस झाले, कीं मोकळीक आणखी वाढते. तशाच किंवा मिळत्याजुळत्या कामाची नोकरी धरली, तर मागले अर्जहि पुन्हां करावे लागत नाहींत. ही २००० सालच्या कायद्याची सवलत. तिचें मोल २००७ त दिसलें. त्या जुलै महिन्यासाठीं जवळजवळ सर्व नोकरी-वर्गांच्या तारखा खुल्या झाल्याचें जाहीर झालें. लोकांनीं वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांस पैसे दिले, आणि २ जुलैस खात्यानें दार लावून घेतलें. तेव्हां रांगेंतील भारतीय मंडळींनीं शिव्याशाप न देतां खात्याच्या प्रमुखास शेंकडों पुष्पगुच्छ धाडले. ही युक्ति आदल्या वर्षींच्या 'लगे रहो मुन्नाभाई' या बोलपटावरून सुचलेली! त्या गृहस्थांनीं तीं फुलें जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत पाठवून दिलीं, आणि १७ जुलैस दार पुन्हां उघडलें. ज्यांचे अर्ज त्या वेळीं आंत गेले, त्यांतील पुष्कळांना कार्ड मिळावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. पण धनी बदलण्याची मोकळीक सहा महिन्यांतच हातीं आली.

सावधगिरी कोठें हवी, तेंहि सांगितलें पाहिजे. नव्या धन्याचा व्हिसाचा अर्ज दाखल होतांच त्याच्याकडे काम सुरू करतां येतें. पण तो नामंजूर झाला तर मुलगा उघड्यावर पडतो, म्हणून मंजुरीपर्यंत थांबणें बरें. धन्यानेंच काढून टाकलें, तर जास्तींत जास्त ६० दिवसांची सवड असते. सूनबाईंची नोकरीहि यांत गुंतलेली असते; २०१५ पासून कांहीं स्त्रियांना जो कामाचा परवाना मिळूं लागला, तो पतीच्या दुसऱ्या अर्जाच्या मंजुरीवर उभा आहे. नातवाचीं एकवीस वर्षें भरलीं कीं तो बापाच्या अर्जांतून बहुधा गळतो. २००२ च्या कायद्यानें अर्ज तपासण्यांत गेलेला काळ त्याच्या वयांतून वजा होतो, रांगेंत गेलेलीं वर्षें होत नाहींत.

आमचें मत असें कीं, मंजुरी मिळून सहा महिने लोटल्यावरहि मुलानें निव्वळ धाकापोटीं कमी पगार आणि अपमान सोसावा, असा आग्रह घरच्यांनीं धरूं नये. तेवढ्या वर्षांत येथें आजीचें वर्षश्राद्धहि होऊन जातें, आणि रजा मागितली तर धनी रागावेल म्हणून तो येत नाहीं. त्यानें वकिलास विचारावें, आणि आपण त्याला एवढेंच विचारावें: दुसरा अर्ज मंजूर झाला काय, कोणत्या दिवशीं, आणि त्याचा कागद कोणाजवळ आहे? हा कागद धन्याच्या नांवें येतो आणि पुष्कळ धनी त्याची प्रत नोकरास देत नाहींत. निदान त्यावरील क्रमांक व तारीख तरी टिपून ठेवावी. तेंहि न जमल्यास तिकडच्या माहितीच्या कायद्यान्वयें सरकारकडून प्रत मागवितां येते. तिला कधीं कधीं महिने लागतात, म्हणून राजीनामा लिहिण्यापूर्वींच ती मागवावी.