पहिला नंबर कुणाचा?

आपल्या मंडळातल्या घराघरांत सध्या एकच हट्ट ऐकू येतोय. "आई, आपण कुत्रा आणू या ना!" महाप्रसादाच्या रांगेत, मराठी शाळेच्या गेटवर, अगदी हळदीकुंकवालासुद्धा हा विषय निघतोच. मुलांचा हट्ट निम्माशिम्मा मान्य झाला, की आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सगळ्यांत हुशार जात कोणती?" पहिल्या नंबराचं आपलं वेड कुत्र्यापर्यंत पोचलं, दुसरं काय! म्हणून यंदा या सदरात तीच गुणपत्रिका नीट वाचू या.

ही गुणपत्रिका खरंच आहे बरं का. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांचं कुत्र्यांच्या बुद्धिमत्तेवरचं पुस्तक १९९४ साली आलं. आज्ञापालनाच्या स्पर्धांच्या सुमारे २०० परीक्षकांची मतं मागवून त्यांनी जातींची क्रमवारी लावली. पहिली बॉर्डर कॉली, मग पूडल, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि डॉबरमन. लॅब्रॅडॉर सातवा. वरच्या दहांतले कुत्रे नवी आज्ञा पाचपेक्षा कमी वेळा सांगून शिकतात आणि १०० पैकी ९५ वेळा पहिल्या हाकेलाच ऐकतात. तळाच्यांना तीच गोष्ट ८०-१०० वेळा सांगावी लागते. शेवटचा नंबर अफगाण हाउंडचा.

शाळेत शिकवत होते तेव्हापासून एक सवय आहे, गुण बघण्याआधी पेपर कसला होता ते बघायचं. हा पेपर एकाच विषयाचा आहे, आज्ञापालनाचा. कोरेन यांनी स्वतःच बुद्धीचे तीन प्रकार सांगितलेत: जातीचं उपजत कसब, स्वतः अडचण सोडवण्याची अक्कल आणि माणसाकडून शिकण्याची तयारी. क्रमवारी आहे ती तिसऱ्याची. त्यामुळे ब्लडहाउंड यादीत तळाजवळ दिसतो. पण कित्येक तासांपूर्वी गेलेल्या माणसाचा माग नुसत्या वासावरून काढण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुत्रा मिळणं कठीण. अफगाण हाउंड नजरेनं सावज हेरून त्यामागे वाऱ्यासारखा धावणारा. मालक मैलभर मागे राहिलेला, तेव्हा निर्णय यानंच घ्यायचा. आज्ञेची वाट बघत थांबला असता, तर सावज हातचं गेलं असतं! आपल्याकडचा कारवानी कुत्राही याच गोत्रातला. त्याचं तर या यादीत नावच नाही, म्हणून काय तो मठ्ठ ठरला?

आता पहिल्या नंबराकडे येऊ. बॉर्डर कॉली इथलीच, इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरची. १८९३ साली नॉर्दम्बरलंडमध्ये जन्मलेला 'ओल्ड हेम्प' हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. न भुंकता, नुसत्या रोखलेल्या नजरेनं मेंढ्या वळवायची ही त्याची खासियत आजही त्याच्या वंशजांत दिसते. अमेरिकेतल्या 'चेसर' नावाच्या कॉलीला तर १,०२२ खेळण्यांची नावं येत होती. पण हे वाचताना पुढचंही वाचायला हवं. चेसरला शिकवणारे जॉन पिली हे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते आणि ते तीन वर्षं तिला रोज चार-पाच तास शिकवत होते.

आपल्यापैकी कुणाकडे आहेत रोजचे चार तास? डोंगरावर दिवसभर धावण्यासाठी घडलेला हा जीव सेमी-डिटॅच्ड घरात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा एकटा राहिला, तर तो स्वतःच काम शोधतो. सोफा उसवतो, दाराची कडी उघडायला शिकतो, सायकलींमागे धावतो, वाढदिवसाला आलेल्या मुलांना मेंढ्या समजून कोपऱ्यात गोळा करतो, प्रसंगी टाचेला दातही लावतो. हुशारी म्हणजे एक भूक असते. वर्गातल्या हुशार मुलाला काम दिलं नाही तर तो काय करतो, ते कुठल्याही शिक्षिकेला विचारा!

बाकीच्यांचे स्वभावही त्यांच्या मूळ कामातूनच आलेत. पूडल दिसतो नटवा, पण मुळात पाण्यातून शिकार आणून देणारा. तल्लख आणि हळवा, घरातलं भांडण लगेच टिपतो. केस फारसे गळत नाहीत, पण कातरणीचा खर्च नियमित. जर्मन शेफर्ड एकनिष्ठ आणि राखणदार. लहानपणी माणसांत मिसळू दिलं नाही, तर दारात आलेला प्रत्येक पाहुणा त्याला परका. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन प्रेमळ, सगळ्यांचे मित्र, त्यामुळे चोरालाही शेपूट हलवतील. लॅब्रॅडॉरचा खादाडपणा तर काहींच्या जनुकांतच असतो, हे केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं. तेव्हा आजीच्या ताटातल्या करंज्या सांभाळा!

आणि जात म्हणजे सगळं काही नव्हे. १८,००० हून अधिक कुत्र्यांचा एक मोठा अमेरिकी अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीमुळे असल्याचं त्यात दिसलं. बाकीचं त्या-त्या कुत्र्याचं, त्याच्या संगोपनाचं.

म्हणून "सर्वांत हुशार कोणता?" हा प्रश्न बाजूला ठेवून स्वतःलाच काही प्रश्न विचारा. दिवसा घरी कोण असतं? कुत्र्याला सलग चार तासांहून जास्त एकटं ठेवू नये, असं इथल्या प्राणिसंस्था सांगतात. जानेवारीच्या पावसात पहाटे त्याला फिरवणार कोण? डिसेंबरात चार आठवडे भारतात गेलो, तर तो कुणाकडे? सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांना अंगावर उडी मारणारा तीस किलोचा प्राणी झेपेल का? या प्रश्नांची उत्तरं प्रामाणिकपणे लिहिली, की निम्म्या जाती आपोआप गळतात. कदाचित यादीत मध्येच कुठेतरी असलेला, शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड तुमच्या घराला जास्त शोभेल. संस्थांकडे असे बरेच कुत्रे घराची वाट बघत असतात. दोन वेळा फिरवून आणलं, की उरलेला दिवस ते आनंदानं झोपून काढतात.

आणि आणायचं ठरलंच, तर या आठवड्यात नको. आपली दिवाळी आणि पाठोपाठ ५ नोव्हेंबरची इथली आतषबाजी, नव्या घरात आलेल्या जिवाला हा दणदणाट सोसत नाही. फटाके शांत होऊ द्या, मग निवांत जाऊन त्याला भेटा. एकदा नाही, दोन-तीनदा. मुलांनाही बरोबर न्या, आणि यादी घरी ठेवून जा.