गुंतवणूक आणि गुंतणे

माजुलीहून परतल्यावर स्टाफरूममध्ये आम्हांला विचारला गेलेला पहिला प्रश्न तेथील सत्रांविषयी नव्हता, ब्रह्मपुत्रेविषयीही नव्हता. "तिकडे जमिनीचा भाव काय चाललाय?" हा तो प्रश्न. विचारणारे सहकारी सज्जन आहेत. निवृत्तीनंतर एखाद्या दूरच्या, शांत गावी चार गुंठे घ्यावेत, दोन खोल्या बांधाव्यात, एक खोली पर्यटकांना भाड्याने द्यावी, एवढीच त्यांची इच्छा. आम्हांला त्यांचे हसू आले नाही. कारण माजुलीतल्या दुसऱ्याच संध्याकाळी, मिसिंग कुटुंबाच्या चांगघराच्या ओसरीवर बसून, आम्हीही मनातल्या मनात हेच गणित मांडले होते. त्या गणिताची लाज वाटली म्हणून हा लेख.

जोरहाटजवळच्या निमती घाटावरून फेरीबोटीने माजुलीला जाता येते. माणसे, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या, क्वचित एखादी जीप, सारे एकाच बोटीत. २०१६ साली या बेटाला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. नदीतल्या बेटाचा हा देशातला पहिला जिल्हा. परंतु ज्याचे क्षेत्रफळ निश्चित सांगता येत नाही, असाही कदाचित हा एकमेव जिल्हा असेल. जुन्या नोंदींत सुमारे साडेबाराशे चौरस किलोमीटर असलेले हे बेट २०१४च्या मोजणीत साडेतीनशेच्या आसपास उरले होते. १५ ऑगस्ट १९५०च्या महाभूकंपाने डोंगर ढासळले, गाळाने नदीचे पात्र उथळ झाले आणि तेव्हापासून ब्रह्मपुत्रा काठ अधिकच खात सुटली. या खचण्याला असमिया भाषेत 'गराखहनिया' असा खास शब्द आहे. ज्या गोष्टीसाठी भाषेला वेगळा शब्द घडवावा लागतो, ती गोष्ट तेथील माणसांच्या रोजच्या जगण्यातली असते, हे भाषेच्या अध्यापकांना वेगळे सांगायला नको.

आता प्रश्न असा, की जेथे जमीनच जागेवर राहत नाही, तेथे जमिनीत पैसा गुंतवणे म्हणजे काय? पूर ओसरला की शेत पुन्हा दिसते. खचलेला काठ मात्र परत येत नाही. सातबाऱ्यावर वाढलेल्या आपल्या मनाला हे सहजी उमगत नाही. कागद हातात आहे, शिक्के आहेत, आणि ज्या तुकड्याचा तो कागद आहे तो तुकडा नदीच्या तळाशी. असे कागद जपून ठेवलेली आणि बांधाच्या माथ्यावर झोपडी घालून राहणारी कुटुंबे माजुलीत आहेत. आमच्या यजमानीणबाई, ज्यांना आम्ही तेथल्या रिवाजाप्रमाणे 'बाइदेउ' म्हणत होतो, आपले घर तीनदा हलवल्याचे सांगत होत्या. त्या सांगण्यात गाऱ्हाणे नव्हते. बदलीच्या नोकरीतला माणूस गावांची नावे सांगतो तसा तो सूर होता.

मग या माणसांनी आपली पुंजी ठेवली कशात? आमच्या मते, जे उचलून नेता येते त्यात. शंकरदेव आणि माधवदेव यांची पहिली भेट याच बेटावर झाली असे परंपरा मानते. त्यांच्या एकशरण नामधर्मातून उभी राहिलेली सत्रे हा माजुलीचा कणा. देव्हाऱ्यात मूर्तीऐवजी ग्रंथ आणि उपासनेत नामकीर्तन, हे वारकरी मुलुखातून गेलेल्या आम्हांला परके वाटले नाही. अनेक सत्रांची जमीन नदीने नेली, काही सत्रे बेट सोडून पलीकडच्या काठावर गेली. पण नाम, नृत्य आणि भावना, म्हणजे तेथील नाट्यप्रयोग, बरोबर गेले. सामागुरी सत्रातले मुखवटे पाहा: बांबूचा सांगाडा, त्यावर मातीत भिजवलेले कापड, वर माती आणि शेण यांचा लेप. बांबू आणि माती पुन्हा मिळते. हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या तयार करावा लागतो. या कलेसाठी हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. गुंतवणूक म्हणायची तर ती ही आहे.

येथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. परंतु खोटाही झाला असता. दूरस्थपणाचे कौतुक करणे ही पाहुण्यांची चैन आहे. आम्हांला बोटीचा प्रवास रम्य वाटला, कारण आम्हांला रात्री दोन वाजता अडलेल्या बाळंतिणीला घेऊन जोरहाट गाठायचे नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये निमती घाटाजवळ दोन बोटींची टक्कर होऊन अपघात झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत माजुली आणि जोरहाट यांना जोडणाऱ्या पुलाचे भूमिपूजन झाले होते. पूल झाला की 'बेटाचे बेटपण' जाईल अशी हळहळ आम्ही परतीच्या बोटीत एका पर्यटकाच्या तोंडून ऐकली. बेटपण कोणाला हवे आणि त्याची किंमत कोणी मोजायची, हे त्या गृहस्थाने बाइदेउंना विचारायला हवे होते. पूल झालाच पाहिजे. मात्र पुलावरून रुग्णवाहिका जाते, तसाच प्लॉट पाहणाराही येतो, हे विसरून चालणार नाही.

२०२४ साली आसाम सरकारने जमीन कायद्यात दुरुस्ती करून, अडीचशे वर्षांहून जुन्या वारसास्थळांच्या पाच किलोमीटर परिघातील जमीन घेण्यासाठी तीन पिढ्यांच्या वास्तव्याची अट घातली. या दुरुस्तीमागच्या राजकीय हेतूंवर वाद आहेत आणि ते असायलाच हवेत. वंशावळ दाखवा, मग राहा, हे आम्हांला पटत नाही. कारण माजुलीत तीन पिढ्या तर सोडाच, दोन वर्षेही पुरी न काढलेला एक माणूस त्या बेटाचा झाला होता.

संजय घोष यांचा जन्म नागपूरचा. आणंदच्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेत शिकून त्यांनी बिकानेरच्या वाळवंटी भागात वर्षानुवर्षे काम केले आणि १९९६ मध्ये सहकाऱ्यांसह ते माजुलीत येऊन राहिले. गावकऱ्यांच्या श्रमदानातून काठाचा एक पट्टा नदीपासून वाचवण्याचा प्रयोग त्यांनी केला. बांधबंदिस्तीच्या पैशावर जगणाऱ्यांना तो रुचला नाही, असे तेव्हापासून म्हटले जाते. ४ जुलै १९९७ रोजी उल्फा या संघटनेने त्यांचे अपहरण केले. ते परत आले नाहीत. त्यांच्या नावावर बेटावर चार गुंठे होते की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनातही येणार नाही.

'गुंतवणूक' हा आपल्या भाषेतला शब्द 'गुंतणे' या धातूवरून आला आहे, हे आपण विसरलो आहोत. पैसा गुंतवायचा आणि स्वतः मात्र मोकळे राहायचे, हा आपल्या काळाचा हिशेब. दूरच्या गावी अवश्य जावे. मुखवटा घ्यायचा तर करणाऱ्याच्या हातून, त्याने सांगितलेल्या किमतीला घ्यावा. राहायचे तर तेथल्या माणसाच्या घरी, त्याच्या सोयीने राहावे. आणि ज्यांना कायमचे राहायचे आहे त्यांनी आधी एक पावसाळा तेथे काढावा. काठ खचताना रात्री येणारा आवाज ऐकल्यावरही ज्यांना जमिनीचा भाव विचारावासा वाटेल, त्यांच्याशी आमचा वाद नाही.

सहकाऱ्यांना आम्ही एवढेच सांगितले, की भाव विचारला नाही. त्यांना ते उत्तर टाळाटाळीचे वाटले. ओसरीवर मनातल्या मनात तो आम्ही विचारला होता, हे मात्र सांगायचे राहून गेले. ते येथे सांगितले.