आवळा कोणाचा, कोहळा कोणाचा?

सुट्यांचे दिवस जवळ आले, की गोव्याच्या कॅसिनोंतील सवलतींच्या वार्ता मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित गृहस्थापर्यंत येऊन पोहोचतात. प्रवेशशुल्कातच जेवणखाण, वर खेळण्यासाठी काही कूपने, हरल्यास काही रक्कम परत, अशी या औदार्याची नाना रूपे असतात. द्यूत वाईट, एवढे एक वाक्य उच्चारून या विषयावर पडदा टाकणे आम्हांस सोपे होते. ऋग्वेदातील अक्षसूक्तापासून हा उपदेश चालत आलेला आहे आणि तेव्हापासूनच तो दुर्लक्षिलाही जात आहे. परंतु जो गृहस्थ वर्षातून एकदा मौजेखातर तेथे जाणारच आहे, त्याला उपदेशापेक्षा हिशेबाचा उपयोग अधिक होईल. शिवाय या हिशेबाच्या अखेरीस जे उत्तर येते, ते त्या गृहस्थाइतकेच सरकारनेही विचारात घेण्याजोगे आहे.

कॅसिनोतील सर्व खेळांत ब्लॅकजॅक, म्हणजे एकवीसचा खेळ, हिशेबी माणसाला विशेष भुरळ घालतो, आणि त्यास कारणही आहे. १९५६ साली बाल्डविन, कँटी, मेझेल व मॅकडरमॉट या अमेरिकन सैन्यातील चौघा तरुणांनी कोणत्या प्रसंगी कोणती चाल सर्वांत कमी नुकसानीची, याचे कोष्टक सिद्ध करून ते संख्याशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात प्रसिद्ध केले. १९६२ साली एडवर्ड थॉर्प या गणिताच्या प्राध्यापकाने ‘बीट द डीलर’ हा ग्रंथ लिहिला आणि वाटून गेलेली पाने ध्यानात ठेवणाऱ्यास मालकावरही मात करता येते, हे दाखवून दिले. पाने मोजण्याची विद्या सर्वांना साधत नाही. पण नियम चांगले असतील आणि कोष्टक पाठ असेल, तर खेळणाऱ्याचे सरासरी नुकसान लावलेल्या शंभर रुपयांमागे अर्ध्या रुपयाच्या आसपास राहते. जेथे मालकाची कमाई इतकी बारीक, तेथे लहानशी सवलतही पारडे फिरवू शकते. तेव्हा लाभाची सवलत शोधणे ही काही वेडगळ कल्पना नव्हे. प्रश्न एवढाच, की अशी सवलत सामान्य माणसाच्या वाट्याला येते काय?

प्रथम कूपनांकडे पाहू. एक हजार रुपयांचे जे कूपन एकदाच लावता येते आणि जिंकले तरी मालक काढून घेतो, त्याची खरी किंमत पाचशेहूनही थोडी कमी. कारण निकाल लागणाऱ्या डावांपैकी निम्म्याहून काही कमीच डाव खेळणाऱ्याच्या बाजूने पडतात. तेच कूपन हरेपर्यंत पुन्हा पुन्हा लावण्याची मुभा असेल, तर त्याची किंमत नऊशेच्या घरात जाते. दोन्ही कागदांवर छापलेला आकडा मात्र एकच! हरल्यास मिळणाऱ्या परताव्याचेही तसेच. तो रोख मिळत असेल तर ती सवलत खरी. पुढल्या खेपेच्या कूपनांच्या रूपाने मिळत असेल, तर ते पुन्हा येण्याचे निमंत्रण होय.

दुसरी गोष्ट नियमांची. पहिल्या दोन पानांतच एक्का आणि दहाच्या किमतीचे पान आले, तर तीनास दोन या जुन्या प्रमाणाने शंभर रुपयांच्या डावावर दीडशे मिळतात; सहास पाच या प्रमाणाने एकशेवीसच मिळतात. तीस रुपयांचा हा फरक दिसावयास किरकोळ. पण असा योग सुमारे एकवीस डावांत एकदा येतो. म्हणजे फरक पडला प्रत्येक डावामागे सुमारे एक रुपया चाळीस पैशांचा, आणि तासाला सत्तर डाव धरले तर जवळजवळ शंभर रुपयांचा. मालकाची अर्ध्या रुपयाची कमाई एका नियमाने चौपटीजवळ गेली! प्रवेशावर दोनशे रुपयांची सूट द्यावी, गिऱ्हाइकाला अशा मेजाशी बसवावे, की दोन तासांत ती सूट वसूल. आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात ते हेच.

मग खऱ्या लाभाच्या सवलती कोणाला मिळतात? डिसेंबर २०१० ते एप्रिल २०११ या काळात डॉन जॉन्सन नामक खेळाडूने अमेरिकेतील अटलांटिक सिटीच्या तीन कॅसिनोंकडून सुमारे दीड कोटी डॉलर जिंकले. धंदा मंदावलेल्या मालकांनी, बडे गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून, त्याला हरलेल्या मोठ्या रकमेवर शेकडा २० सूट आणि अनुकूल नियम देऊ केले होते. तो एकेका डावावर लाख-लाख डॉलर लावीत असे. त्याने काही लबाडी केली नाही. फक्त मालकाच्या औदार्याचा हिशेब मालकापेक्षा चांगला केला. पण हे औदार्य ज्याच्यासमोर मालकच गरजू होऊन उभा होता, त्याच्या वाट्याला आले. पगारदार कारकुनासमोर वा प्राध्यापकासमोर कोणताही कॅसिनो तशा गरजेने उभा राहत नाही.

आणि आपल्या देशात तर या खेळाच्या मेजाशी तिसरा भागीदारही बसलेला आहे. तो म्हणजे सरकार. कॅसिनोतील चिपांच्या खरेदीवर १ ऑक्टोबर २०२३ पासून शेकडा २८ आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून शेकडा ४० वस्तू व सेवा कर बसविण्यात आला. दहा हजारांच्या चिपा घेऊन कोणी रात्रभरात एकूण वीस हजारांचे डाव लावले, तर चांगल्या नियमांच्या मेजावर मालकाची अपेक्षित कमाई सुमारे शंभर रुपये. कर मात्र चार हजारांचा. हा कर मालक गिऱ्हाइकाकडून उघड घेवो, प्रवेशशुल्कात मिसळो वा कडक नियमांतून काढो, तो अखेर खेळणाऱ्याच्याच खिशातून जावयाचा. शिवाय जिंकलेल्या रकमेवर शेकडा ३० प्राप्तिकर आहेच, आणि एका रात्रीचा तोटा दुसऱ्या रात्रीच्या कमाईतून वजा करण्याची सोय कायद्यात नाही. या दुहेरी कात्रीतून निभावून जाईल अशी सवलत सामान्य खेळणाऱ्यास मिळणे जवळजवळ अशक्य आहे, हा आमच्या हिशेबाचा निष्कर्ष.

आता सरकारांविषयी. गोव्याने आपल्या जुगारविषयक कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांसाठी, आणि १९९६ साली बोटींवरील मेजाच्या खेळांसाठी वाट मोकळी केली. फेब्रुवारी २०२० पासून मात्र खुद्द गोमंतकीयांस तेथे जाऊन खेळण्याची मनाई करण्यात आली. महाराष्ट्राने १९७६ चा आपला कॅसिनो कायदा कधीच अमलात आणला नाही व २०२३ साली तो रद्दच केला. केंद्राने २०२५ साली आंतरजालावरील पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. जो खेळ आपल्या लेकरांना नको, तो पाहुण्यांना मात्र चालेल, ही नीती कोणत्या घराला शोभते? आणि बंदी घालावयाची नसेल, कराचे उत्पन्न हवेच असेल, तर गिऱ्हाइकाला खरे तोलमाप देण्याची जबाबदारी सरकारला कशी टाळता येईल? औषधाच्या बाटलीवर घटक छापावे लागतात, वाण्याच्या वजनांवर शिक्का लागतो. मग कॅसिनोच्या प्रत्येक सवलतीच्या जाहिरातीत कूपन किती वेळा लावता येते, परतावा रोख की कसा, मेजावरील देणे तीनास दोन की सहास पाच, आणि करापोटी किती रुपये जाणार, हे ठळक मराठी, कोकणी व हिंदी अक्षरांत छापण्याची सक्ती का असू नये? आमची एवढीच मागणी आहे, आणि ती पुरी करण्यास सरकारला एक पैचाही खर्च नाही.

ही सक्ती होईपर्यंत आमच्या वाचकांनी हे चार प्रश्न दारातच विचारावेत आणि उत्तर मिळेपर्यंत पाकिटाला हात घालू नये. समाधानकारक उत्तर मिळाले तरी सवलतीकडे उत्पन्न म्हणून पाहू नये. नाटकाच्या तिकिटावर मिळालेली सूट, एवढेच तिचे मोल धरावे. तिकिटाचे पैसे परत मिळवण्यासाठी कोणी दुसऱ्यांदा नाटकाला जात नाही. कॅसिनोत मात्र लोक नेमके त्यासाठीच जातात, आणि मालकाच्या सर्व सवलतींचा जमाखर्च त्याच एका भरवशावर जुळलेला असतो.