आईच्या गळ्यातली चाल

मा. संपादक,


अमेरिकेतील कंट्री गायक अॅलन जॅक्सन यांनी आईला नाताळची भेट म्हणून चर्चमधली जुनी गीते साधेपणाने गाऊन ध्वनिमुद्रित केली. ती विकण्याचा विचार नव्हता. पुढे २००६ मध्ये तोच ‘प्रेशियस मेमरीज’ अल्बम बाजारात आला आणि बिलबोर्डच्या कंट्री व ख्रिस्ती अशा दोन्ही याद्यांत पहिला ठरला.

आमच्या पांढुर्णा-सौंसरकडेही अशा आया आहेत. रेव्ह. ना. वा. टिळकांची भजने त्यांना पुस्तक न उघडता येतात. टिळक बाप्तिस्म्यापूर्वी नागपुरात राहिलेले, म्हणजे तसे आपल्या शेजारचेच. माझ्याजवळच्या ‘उपासना संगीत’च्या प्रतीत शब्द आहेत, स्वर नाहीत. चाल राहिली ती या बायांच्या गळ्यात.

माझी आई दोन वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली. तिच्या आवडत्या भजनाची चाल आता घरात कोणालाच नीट लागत नाही. मोबाईल माझ्या खिशातच होता हो! लग्नाबारशाचे व्हिडिओ काढले, पण तिचा आवाज तेवढा घ्यायचा राहिला.

तरुणांनी गिटारवर हिंदी-इंग्रजी गीते जरूर गावीत, माझी हरकत नाही. पण मंडळीच्या पंचांनी त्यांना एवढे काम द्यावे: उपासनेनंतर एकेका आजीजवळ बसून तिची गीते मोबाईलवर घ्यायची आणि तिच्याकडूनच चाल शिकायची. पहिला नंबर कोणाला पाहिजे? येत्या नाताळला ते भजन पुन्हा बरोबर चालीत ऐकू आले, तरी पुष्कळ झाले.

– एक वाचक, सौंसर