१०% यील्ड दिसतंय, पण पैसे येतात कुठून? अमेरिकन एनर्जी इन्कम फंड कसा तपासायचा

एआय डेटा सेंटर्सना प्रचंड वीज लागणार, त्यासाठी नैसर्गिक वायू लागणार, म्हणजे पाइपलाइन कंपन्यांची चांदी! हा हिशोब सध्या टेक बातम्यांत सगळीकडे दिसतो. त्यातच अमेरिकन शेअर्स आता फोनवरून घेता येतात, त्यामुळे एनर्जी इन्कम फंडही आपल्या नजरेस पडतात. केन अँडरसनचा 'केवायएन' हा असाच एक फंड, २००४ पासून न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर आहे. तो पाइपलाइन कंपन्यांचे शेअर्स घेतो आणि गुंतवणूकदारांना नियमित वाटप करतो.

हे फंड क्लोज्ड-एंड असतात. म्हणजे म्युच्युअल फंडासारखं कधीही युनिट फंड हाउसला परत देऊन पैसे घ्या, असं नसतं. बाजारात कुणीतरी घेणारा लागतो. म्हणून इथे दोन आकडे असतात: आतल्या मालमत्तेची किंमत, म्हणजे एनएव्ही, आणि बाजारभाव.

यील्ड हा फक्त भागाकार आहे

समजा भाव १० डॉलर आणि गेल्या वर्षीचं वाटप १ डॉलर. ॲप १०% दाखवेल. भाव ५ वर आला की तेच ॲप २०% दाखवेल! फंड सुधारला नाही, फक्त छेद लहान झाला. आणि पुढचं वाटप तेवढंच असेल, याची हमी कुणीच देत नाही.

वाटप म्हणजे कमाई नव्हे

काही वेळा फंड आपलंच भांडवल आपल्याला परत करतो. पाइपलाइनच्या बाबतीत हे नेहमी वाईट नसतं, कारण घसाऱ्यामुळे कराच्या हिशोबात नफा कमी दिसतो. म्हणून मी सोपी चाचणी लावतो: पाच-दहा वर्षांत एनएव्हीचं काय झालं? वाटप चालू आणि एनएव्ही सतत खाली, तर आपलेच पैसे परत येतायत.

खरी जोखीम कर्जात

गुंतवणूकदारांचे १०० आणि कर्जाचे ४०, एकूण १४० गुंतवले. बाजार निम्मा झाला तर उरले ७०. कर्ज वजा केलं की ३०. म्हणजे बाजार ५०% पडला, तुम्ही ७०%! त्यात अमेरिकेच्या १९४० च्या कायद्यानुसार मालमत्ता कर्जाच्या तिप्पट नसेल तर फंडाला शेअरधारकांसाठी वाटप जाहीर करता येत नाही. मार्च २०२० मध्ये तेल कोसळलं तेव्हा अशा अनेक फंडांना पडत्या भावात शेअर्स विकून कर्ज फेडावं लागलं आणि वाटपही कमी करावं लागलं. नंतर भाव सावरले, पण विकलेले शेअर्स हातात नव्हते.

डिस्काउंट म्हणजे सेल नाही

एनएव्हीपेक्षा भाव १०% कमी असेल तर स्वस्त वाटतं. पण हा फरक वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. आजच्या डिस्काउंटची तुलना त्याच फंडाच्या जुन्या सरासरीशी करा. फी आणि कर्जावरचं व्याजही बघा.

आपल्यासाठी आणखी एक गोष्ट: अमेरिकन लाभांशावर तिथेच २५% कर कापला जातो. भारतात रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मागता येतं, पण हातात आधी १० ऐवजी साडेसातच येतात.

ऑफिसातल्या मित्राने विचारलं, यातून दर महिन्याचं घरभाडं निघेल का? मी स्पष्ट नाही म्हटलं. तेलाच्या मंदीत वाटप आटतं, घरमालक मात्र भाडं मागतोच. पाइपलाइन क्षेत्रावर विश्वास असेल तर यात थोडे पैसे ठेवायला हरकत नाही, पण पगारासारखं उत्पन्न समजून नाही.