जुन्या तारेचं वजन

  

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

मध्यंतरी आमच्या भागातल्या एका मंडळीत पंच कमिटीची निवडणूक झाली. भक्ती संपली, आशीर्वाद झाला आणि पंधरा मिनिटांत मतदार यादीवरून अशी खडाजंगी सुरू झाली की रस्त्यावरचे रिक्षावाले डोकावून बघायला लागले. तासाभरापूर्वी हीच मंडळी एका प्याल्यातून प्रभुभोजन घेत होती. मीही घेतलं होतं. आणि हो, आवाज चढवणाऱ्यांत मीही होतो, उगीच साव बनत नाही.

घरी येताना धाकटी लेक गाडीवर मागे बसली होती. म्हणाली, "पप्पा, संडे स्कूलला टीचरनी विचारलं, तुमच्या घरात विश्वासात वाढणारं कोण आहे? मी आज्जीचं नाव सांगितलं."

माझं नाही सांगितलं. मी पंच आहे, सणासुदीला शास्त्रवाचन करतो, नाताळच्या वर्गणीची पावतीपुस्तकं माझ्याकडे असतात. तरी नाही सांगितलं. त्या दिवसापासून हा विषय डोक्यात आहे.

आपल्याकडे 'मंडळी वाढली' म्हणजे काय? पत्र्याच्या जागी स्लॅब पडला, नवीन साउंड सिस्टीम आली, संजीवन सभेला मैदान भरलं. या गोष्टी वाईट आहेत असं नाही. पण माणूस वाढला का, हे मोजायला आपल्याकडे कुठलाच काटा नाही.

माझा स्वतःचा काटा मला दुकानात सापडला, तेही उशिरा. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्याची मोटार जळाली की ती आमच्याकडे येते. जुनी तार काढायची, नवीन भरायची, वार्निश मारायचं, बेअरिंग बदलायचं. आता यात एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. जळालेल्या मोटारीतून निघणारी तांब्याची तार भंगारात चांगल्या भावाने जाते. ती तार गिऱ्हाइकाची. तिचं वजन करून बिलातून वजा करायला पाहिजे, नाहीतर तार त्याच्या हातात द्यायला पाहिजे. पण शेतकरी पिकाच्या घाईत असतो, विचारत नाही. आणि तो विचारत नाही म्हणून आपण सांगत नाही. पाच एचपीच्या मोटारीमागे दोन-अडीच किलो तार. कित्येक वर्षं ती माझ्या पोत्यात जात होती आणि त्याच पैशातून मी दशांश देत होतो. विचार करा.

मग २०१९ चा ऑगस्ट आला. सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी ओसरल्यावर काठच्या गावांतून मोटारींची रांग लागली, नुसता गाळ भरलेला. कामगार मिळेनात, तार मिळेना. सगळ्यांनी दर वाढवले, मीही वाढवला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक म्हातारे शेतकरी आले, गळ्यात तुळशीची माळ. दर ऐकून गप्प उभे राहिले. मग म्हणाले, "तुमी चर्चला जाणारी मानसं न्हवं? म्हनून हितं आलो."

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी उलट उत्तर दिलं असतं. चर्चला जाणारा माणूस अशा वेळी जास्त घेणार नाही, असं त्या माळकऱ्याने खरंच गृहीत धरलं होतं. माझ्या विश्वासाबद्दल माझ्यापेक्षा त्यालाच जास्त खात्री.

दर खाली आणला. जुनी तार काट्यावर ठेवून गिऱ्हाइकासमोर वजन करायला लागलो. पहिल्या वर्षी नुकसान झालं, नाही म्हणत नाही. बायकोने विचारलं, फी कुठून भरायची? रास्त प्रश्न होता. "देव बघून घेईल" असं तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण हिशेब तिलाच जुळवायचा होता.

इथे मला साताऱ्याची एक गोष्ट आठवते. आपल्याच लोकांना ती फार माहीत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हटलं की आपल्याला उपासना संगीत आठवतं, फार तर नगर आणि ज्ञानोदय. पण आयुष्याची शेवटची दीड-दोन वर्षं टिळकांचं ठाणं साताऱ्यात होतं. १९१७ साली त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली. पंचावन्न वर्षं वय, कवी म्हणून महाराष्ट्रभर नाव. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे येशूचे शिष्य येऊ शकतील असं ठरवलं. मिशनच्या रजिस्टरात नाव आहे का, यापेक्षा माणूस येशूच्या मागे चालतो का, हे त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

९ मे १९१९ ला मुंबईत टिळक वारले. दरबार पुढे फार टिकला नाही. संस्था म्हणून बघाल तर तो फसलेला प्रयोग. आजच्या भाषेत 'रिझल्ट काय?' विचारलं तर सांगण्यासारखं थोडंच. तरी मला वाटतं, आपल्या भागातल्या ख्रिस्ती माणसाला विचारायचा सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनीच विचारून ठेवलाय.

पण खरं सांगू? मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई जवळच्या वाटतात. टिळकांचं सगळं एका झटक्यात. १८९५ ला बाप्तिस्मा, १९१७ ला नोकरीवर पाणी. झटक्यात निर्णय घेणाऱ्यांची आपण चरित्रं लिहितो. त्या झटक्यानंतर घरात पीठ आहे का हे बघणाऱ्याची वाढ वेगळी असते. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा लक्ष्मीबाई कोसळल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या तेव्हाही सोवळं सुटलं नव्हतं, पाणी वेगळं, स्वयंपाक वेगळा. कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं इथपर्यंत त्या पोचल्या त्या आतल्या आत झगडून, एकेक पायरी करत. स्वतःचा बाप्तिस्मा थेट १९०० मध्ये. 'स्मृतिचित्रे' वाचा, नसेल वाचलं तर लाज न बाळगता आज आणा. त्यात त्यांनी स्वतःला कुठेही संत करून दाखवलेलं नाही. उलट स्वतःवरच हसतात. पाण्याच्या भांड्यापाशी रोज थोडी थोडी हरत, थोडी थोडी पुढे जात वाढलेली बाई. माझ्यासारख्याला हा रस्ता झेपण्यासारखा आहे.

आमची आज्जी मिरजेच्या मिशन दवाखान्यात आया होती. हा दवाखाना डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभा केला, वॉन्लेसवाडी त्यांच्याच नावाची. ऑपरेशनच्या आधी प्रार्थना करायची ही तिथली रीत. आज्जी ते सांगायची, पण लगेच पुढे जोडायची, "प्रार्थना झाल्यावर हात धुतलेत का ते पण बघायचे हो." मला हे दुसरं वाक्य जास्त आवडतं. आपण प्रार्थना ठेवली आणि हात धुणं सोडलं.

आता सार्वजनिक मुद्दा. मिशनच्या काळातल्या जमिनी आज शहराच्या मधोमध आल्या आहेत आणि त्यांना सोन्याचा भाव आहे. त्यावरून आपल्यातच गट पडलेत, दावे चाललेत, अर्पणाच्या पेटीतला पैसा वकिलाच्या फीकडे जातोय. कोर्टात जाऊच नये असं मी म्हणत नाही. बाहेरचा कुणी कब्जा करत असेल तर लढलंच पाहिजे, ती जागा आपल्या पुढच्या पिढीची आहे. पण भाऊ भावावर, पंच पंचावर? पौलाने करिंथच्या मंडळीला यावरूनच झापलं होतं, आणि आपण तो अध्याय रविवारी वाचतो आणि सोमवारी स्टॅम्प पेपर घेतो.

कागदाचा आणखी एक विषय आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. म्हणून कित्येकांचा दाखला एक आणि रविवार दुसरा. यावर नाक मुरडणारे आपलेच लोक बघितले की मला राग येतो. पोराची फी भरताना ज्याला हा पेच पडला नाही त्याने बोलू नये. टिळकांच्या दरबारात त्यांना जागा मिळाली असती एवढं म्हणतो. बाकी यावर वेगळी पोस्ट लिहीन.

तर माझं काय? तार वजन करायला लागलो, पण एक गाठ तशीच होती. चुलत भावाशी, आप्पाशी, वडिलोपार्जित घराच्या मधल्या भिंतीवरून दावा. तीन फुटांचा वाद, अकरा वर्षं. दोघंही एकाच मंडळीत, तो डाव्या बाजूला बसतो, मी उजव्या. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू काय सांगतो ते आम्हा दोघांनाही पाठ आहे: अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. अकरा वर्षं आम्ही अर्पण टाकत राहिलो.

लेकीच्या त्या वाक्यानंतर चार दिवसांनी फोन केला. दोनदा उचलला नाही. तिसऱ्यांदा वहिनींनी उचलला, म्हणाल्या, "भावजी, कोण वारलं का?" अकरा वर्षांनी फोन गेला की माणसाला असंच वाटणार. मग आप्पा बोलला. गोडीगुलाबी काही झाली नाही. "वकिलाशी बोल" एवढंच म्हणाला आणि ठेवला. रात्री साडेदहाला त्याचाच उलट फोन. "शनिवारी ये. टेप घेऊन ये, माझी तुटलीय."

पुढची तारीख मंगळवारी आहे. वकिलाला अजून काही सांगितलेलं नाही. तीन फूट जातील कदाचित, बायकोला तेवढं सांगून ठेवलंय. शनिवारी दुकान दुपारपर्यंतच चालू राहील, ज्यांच्या मोटारी तयार आहेत त्यांनी बाराच्या आत न्याव्यात. जुनी तार बांधून नाव घालून ठेवली आहे.